चमचा डावीकडे

मोरेलिया
४ ऑक्टोबर १९९७

एर्लिंदा,

पत्राची सुरुवात समोरच्याच्या प्रकृतीची चौकशी करून करावी, असं आम्हाला कॉन्व्हेंटात मादरे कॉन्सुएलोनं शिकवलं होतं. गेल्या आठ वर्षांत मी तुझ्या प्रकृतीची अकरा वेळा चौकशी केली आणि तू एकदाही काही कळवलं नाहीस, तेव्हा या खेपेला तो भाग मी सोडून देते.

तुझ्या यादिराचं पत्र पोचलं. ती लिहिते, "आईला गावाचे फोटो हवेत. सणाचे नकोत, लग्नाचे नकोत. रोजचे हवेत. चूल, अंगण, आजी काही काम करताना. आई म्हणते, पत्रात मावशी काय वाटेल ते लिहू शकते, फोटोत तसं करता येत नाही." हे शेवटचं वाक्य पोरीनं भाबडेपणानं लिहिलं की तू सांगून लिहवलंस, ते मी विचारत नाही.

तर मी कॅमेरा घेतला. शाळेतून निवृत्त होताना मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ते दुकानदाराला देऊन त्याच्या बदल्यात आणला. कुठलं बटण कधी दाबायचं हे त्यानं मला तीन वेळा समजावलं आणि चौथ्या वेळी माझ्याकडे बघून नुसताच उसासा टाकला. रोलमध्ये छत्तीस फोटो असतात. सराव म्हणून दोन मी न्हाणीतल्या नळाचे काढले. चौतीस उरलेत.

शनिवारच्या बसनं ला लोमाला आईकडे निघते. महिना-दोन महिने राहीन. आई आता सत्त्याऐंशीची झाली. 'एर्लिंदाला ये म्हणून लिही' असं ती मला कधी सांगत नाही. दर शनिवारी तुझी खाट तेवढी उन्हात काढते आणि दिवस कलला की आत घेते. तू गेल्याला पंचवीस वर्षं झाली. तिला तू एकदा डोळ्यांनी दिसावीस, एवढंच उरलंय. तुझे अमेरिकेचे कागद केव्हाच झालेत म्हणे, म्हणजे आता वाटेत उभं असं काही नाही. मी आग्रह करत नाही. फोटो बघ आणि तुझं तू ठरव.

त्या दुसऱ्या विषयाबद्दल मला काही लिहायचं नाही.

ओतिलिया


ला लोमा
१३ ऑक्टोबर

एर्लिंदा,

सोबत पहिल्या रोलचे फोटो आहेत, बाजाराच्या गावी जाऊन धुऊन आणले. ते बघण्याआधी हे वाच, नाहीतर तुला वाटेल ला लोमात हल्ली रोज कुणाचं तरी लग्न असतं.

काळ्या रेशमी झग्यात, तोंडाला पावडर लावून, चुलीशेजारी खुर्चीत ताठ बसलेली बाई म्हणजे आपली दोमितिला मावशी. मी अंगणात शिरले तेव्हा ती गुडघे टेकून पाट्यावर मका वाटत होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, पाठीमागे धूर, आणि एक कोंबडी तिच्या तळपायाला चोच मारत होती. याहून रोजचं काय असणार? मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

पाऊण तासानं बाहेर आली ती या अवतारात. पायात लेकीच्या लग्नात घेतलेले बूट. शिलाईचं मशीन स्वतः ओढत आणलं, चुलीला टेकवलं, त्याच्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली.

"मावशी, अगं रोजचं हवंय. तू वाटत होतीस ना, तसंच बस."

"म्हणजे मी रोज अशी घाणेरडी असते, हे फ्रेस्नोला कळवायचंय तुला?"

"एर्लिंदानंच सांगितलंय."

"तिला सांगायला काय जातंय. फोटो तिचा थोडाच निघतोय. तिकडे आपल्या गावच्या सतरा बायका आहेत, त्या सतराजणी बघतील. काढ आता. आणि मला हसवू नकोस. फोटोत हसलं की माणूस प्यायल्यासारखं दिसतं."

त्याच्या खालच्या फोटोत टाय लावलेला इसम म्हणजे तिचा मुलगा, आपला खाटीक कासिमिरो. त्याच्या शेजारी पांढरंशुभ्र दिसतंय ते डुक्कर आहे. ते मुळात काळपट होतं. त्यानं ते साबणानं धुतलं.

"डुकराला कशाला आंघोळ घातलीस रे?"

"मी आंघोळ केलेला आणि ते तसंच, बरं दिसतं का?"

आता त्याची बायको ते डुक्कर कापू देत नाही. ज्याचा फोटो काढून परदेशी पाठवला, त्याला खायचं कसं, म्हणते. कासिमिरो माझ्यावर नाराज आहे.

मग तीन फोटो फ्रीजचे आहेत. तो शेजारच्या आम्पारोचा. तिच्या मुलानं तिकडून पाठवलाय, म्हणून चार माणसांनी उचलून तो उजेडात, अंगणात आणला. "दार उघडं ठेवून काढ," ती म्हणाली, "नाहीतर त्याला वाटेल रिकामाच असतो." आत जे दिसतंय त्यातली अंडी आपल्या आईची, चीज मावशीचं आणि औषधाची बाटली पाद्र्यांची आहे. फोटो झाल्यावर ज्याचं त्यानं नेलं.

उरलेले सगळे फोटो बाप्तिस्म्याचे आहेत. तू सणाचे नको म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. पण इथं प्रत्येक समारंभात प्रत्येक गोष्टीचा खर्च उचलणारी एक धर्ममाता लागते. कासिमिरोच्या नातवाला पावाची धर्ममाता मिळाली होती, मेणबत्त्यांची मिळाली होती, फोटोंची तेवढी मिळत नव्हती. आणि मी कॅमेरा गळ्यात घालून गावात उतरले. रविवारपर्यंत कोण मोकळं सोडतंय? त्या मानाच्या नात्यानं मी आता त्याची कोमाद्रे झाले, त्यामुळे ज्या कासिमिरोला मी लहानपणी शेंबूड पुसून शाळेत नेलं तो मला अहो-जाहो करतो. काल म्हणाला, "कोमाद्रे, आपण जरा बाजूला सरकता का, डुकराला जायचंय."

आईचा फोटो यात नाही. त्याचं कारण पुढच्या पत्रात लिहीन.

ओतिलिया


ला लोमा
१९ ऑक्टोबर

एर्लिंदा,

आई फोटोला बसत नाही.

पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, "आई, तिकडे बघ." तिनं पाहिलं, आणि कॅमेरा दिसल्यावर हातातलं पातेल्याचं झाकण तोंडासमोर धरलं. सोबतच्या फोटोत झाकण स्पष्ट आलंय. त्यावर आपल्या घराच्या दाराचं प्रतिबिंबही आहे, ते बघून घे.

"सत्त्याऐंशीव्या वर्षी काढलेला फोटो कुठं जातो ते मला माहीत आहे," ती झाकणामागून म्हणाली. "सरळ मेलेल्यांच्या वेदीवर. झेंडूच्या फुलांत. तुला माझा पुढच्या वर्षीचा फोटो आत्ताच काढून ठेवायचाय."

"आई, हा एर्लिंदासाठी आहे."

"तिला बघायचं असेल तर तिला डोळे आहेत. पायही आहेत."

मग मी चोरून काढायला लागले. डाळिंबाच्या झाडामागून काढला त्यात तिची वेणी आलीय, अर्धी. वाळत घातलेल्या चादरींच्या फटीतून काढला त्यात एक पाय. न्हाणीच्या भिंतीवरून वाकून काढला त्यात फक्त भिंत आहे, आणि माझं कोपर सोललं. तिला ऐकू कमी येतं, पण कॅमेऱ्याचा आवाज तिला मळ्यातूनसुद्धा ऐकू येतो. काल ती मक्याची कणसं सोलत पाठमोरी बसली होती. मी मांजरासारखी मागून गेले. ती मान न वळवता म्हणाली, "ओतिलिया, बासष्ट वर्षांची झालीस तू. कॉन्व्हेंटात हेच शिकवलं का?"

तो पाठीचा फोटो चांगला आलाय. शाल खांद्यावरून घसरलीय, बाजूला कणसांचा ढीग आहे. माणूस पाठीमागून खोटं वागू शकत नाही, एवढं मला या महिन्यात कळलं. रोजची आई एवढीच मिळाली, तुला पाठवतेय.

आज तिनं मृतांच्या दिवसाच्या वेदीच्या तयारीला हात घातला. पेटीतून विणलेला रुमाल काढला, फळीवरची तसबीर पुसली. बाबांचा तो एकच धड फोटो आपल्याकडे आहे. दुसरा मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ते चोर दिसतात. तसबीर पुसता पुसता आई मला म्हणाली, "दोन तारखेला मोलेचा रस्सा तू कर. मावशीची मिरची हल्ली फार तिखट होते, यांना सोसत नाही. आणि चमचा डावीकडे ठेव."

"डावीकडे का?"

तिनं तसबीर माझ्यासमोर धरली. "उजवा हात कुठंय त्यांना? वर्षातून एकदा जेवायला येतात बिचारे. डाव्या हातानं जेवतात. पहिल्या वर्षी मी चमचा उजवीकडे ठेवला आणि मोले तसाच राहिला."

त्या फोटोत बाबांचा उजवा हात का नाही, हे तुला कुणीतरी सांगितलंय. तू फोन उचलणं बंद केलंस तेव्हाच मी ओळखलं. पण बाबा आठ वर्षं डाव्या हातानं जेवताहेत, ही गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. मलाही आज कळली.

यादिरा, हे तू आईला वाचून दाखवत असशील तर हा शेवटचा भाग गाळलास तरी चालेल.

ओतिलिया


ला लोमा
२७ ऑक्टोबर

एर्लिंदा,

यादिरा, या पत्रातलं काही गाळू नकोस.

मी आठ दिवस काही पाठवलं नाही. फोटो बरेच काढले. कासिमिरोचं डुक्कर गल्लीतून फिरताना, आम्पारोच्या फ्रीजवर वाळत टाकलेल्या मिरच्या, मावशी आंबोणाच्या वेळी बकरीला शिव्या देताना. लोकांना आता माझा कंटाळा आला आहे, त्यामुळे कपडे बदलायला कुणी आत जात नाही. तुला हवे तसे फोटो अखेर निघायला लागले. पण तू म्हणतेस की फोटोत खोटं बोलता येत नाही. ते खरं नाही. मी एका फोटोला खोटं बोलायला लावलंय.

लोकांना मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. जिवंत माणसाला वेदीवर ठेवू नये, अपशकुन असतो. त्या फोटोत बाबांच्या शेजारी तू होतीस, दहा वर्षांची, जत्रेतल्या त्या रंगवलेल्या पडद्यासमोर. म्हणून एर्लिंदाच्या भल्यासाठी, तिला दीर्घायुष्य मिळावं म्हणून तिला बाजूला केलं. सगळ्यांनी मान डोलावली. पाद्रीसुद्धा म्हणाले, योग्य केलंत.

सगळं गाव अशा वेळी फोटो दुमडतं. जिवंत माणूस मागे, मृत पुढे, आणि वर काच. आम्पारोनं तिच्या नवऱ्याच्या फोटोत स्वतःला दुमडलंय, दर वर्षी थोडं उलगडून बघते, पुन्हा दुमडते. मलाही दुमडता आलं असतं. मी आईची शिलाईची कात्री घेतली.

बाबा गेले त्या दिवशी दुकानातल्या फोनवर तू रडत होतीस, कागद झालेले नाहीत, आता इथून निघाले तर परत येता येणार नाही, मुलं इथं आहेत, असं सांगत होतीस. मला ते सगळं माहीत होतं. तरी मी म्हणाले, "ज्याला यायचं असतं तो येतो." हे वाक्य मी कन्फेशनमध्ये चार वेळा सांगितलंय. दर वेळी मला दहा प्रार्थना म्हणायला लावल्या आणि सोडून दिलं. तुला मात्र एकदाही सांगितलं नाही.

आणखी एक आहे, ते पाद्र्यांनाही सांगितलेलं नाही. त्या फोटोत मी नाही. जत्रा झाली तेव्हा मी मोरेलियात कॉन्व्हेंटात होते, पांढरी कॉलर लावून लॅटिन पाठ करत. मोठी म्हणून मला शिकायला पाठवलं आणि तू घरी राहून बकऱ्या वळल्यास. सगळे म्हणायचे, नशीब ओतिलियाचं. पण बाबांनी आयुष्यात एकदाच फोटोला पैसे मोजले आणि तेव्हा त्यांच्या हाताखाली तुझा खांदा होता. माझ्याजवळ त्यांचा हात असलेला एकही फोटो नाही. बाबा गेले तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते, मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवत होते, आणि तरी मी हे केलं.

कात्री चालवताना माझ्या एक लक्षात आलं नाही. त्यांचा हात तुझ्या खांद्यावर होता, त्यामुळे तो तुझ्या बाजूला गेला.

तो तुकडा मी टाकला नाही. माझ्या प्रार्थनापुस्तकात होता. सोबत पाठवते. खांद्यावर बघ, चार बोटं आणि अंगठ्याचं नख. नखाखाली मळ्यातली मातीसुद्धा दिसते. ते रोजचेच होते, जत्रेला येतानाही हात धुऊन आले नव्हते.

मला माफ कर असं लिहायचं होतं. मादरे कॉन्सुएलो म्हणायची, माफी शेवटच्या ओळीत ढकलू नये, पहिल्या ओळीत मागावी. तेवढं काही मला जमलं नाही.

ओतिलिया


ला लोमा
४ नोव्हेंबर

एर्लिंदा,

पोस्टातून तुला तुकडा पोचला की नाही ते कळत नाही, आणि इथं माझ्यावर खटला चालू आहे.

परवा वेदी मांडली. झेंडूच्या कमानी कासिमिरोनं बांधल्या, पाव मावशीनं आणला, मोले मी केला. सगळं झाल्यावर आई म्हणाली, "तो तुकडा तुझ्याकडेच आहे ना? आण आता. एक दिवस बाबांच्या शेजारी लावू. एर्लिंदाचं तोंड कागदानं झाकू, हात उघडा ठेवू."

मला ठाऊकच नव्हतं की तिला ठाऊक आहे.

"आई, मी तो फ्रेस्नोला पाठवला."

आई मावशीला म्हणाली, "ऐकलंस दोमितिला? आठ वर्षं माणूस थोटा होता तो होता, निदान हात घरात तरी होता. आता हिनं तो कॅलिफोर्नियाला पाठवला."

"कागदांशिवाय?" मावशीनं विचारलं.

"पोस्टानं."

"मग पोचेल. माझा बुटांचा जोड पोचला होता."

कासिमिरो म्हणाला, "कोमाद्रे, आपण फार शिकलात, त्याचं हे असं होतं." मी त्याला काही बोलू शकले नाही, कोमाद्रे आहे ना मी.

चमचा डावीकडेच ठेवला. मोले संपला नाही. आई म्हणते मीठ कमी होतं. मावशी म्हणते, हात तिकडे गेला तर माणूसही तिकडेच जेवायला गेला असेल, दोन तारखेला तुझ्याकडे काय शिजलं होतं ते कळव.

खरंच कळव. नुसतं पदार्थाचं नाव लिहिलंस तरी चालेल.

ओतिलिया


ला लोमा
२ डिसेंबर

लिंदा,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर यादिराचं नव्हतं. पोस्टमन ते हातात धरून पूर्ण गल्लीला दाखवत आला, त्यामुळे मी उघडण्याआधी अकरा माणसं अंगणात बसली होती. मी म्हटलं, मी आधी एकटीनं वाचते. आम्पारो म्हणाली, "वाच की, आम्ही बघत नाही." आणि सगळे बघत राहिले.

तू चारच ओळी लिहिल्यास. "दोन तारखेला बटाट्याचं कालवण होतं. जिनं पाठवलं तिचा मला राग आहे, पण तुकड्याचा नाही. तो तुकडा पोस्टानं परत पाठवणार नाही, हरवायचा. बाबांचा हात मीच घेऊन येते."

शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली असं सगळे म्हणतात. मला आठवत नाही. मावशी उठून आत गेली, मला वाटलं रडायला. ती रेशमी झगा उन्हात घालायला गेली होती.

आईला मी तीन वेळा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी ती म्हणाली, "बटाट्याचं? यांना बटाटा कधी आवडला नाही." दुसऱ्या वेळी चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं. तिसऱ्या वेळी माझ्या हातातून कागद घेतला. तिला वाचता येत नाही हे तुलाही माहीत आहे. तरी ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती, सरळ धरला होता बरोबर.

राग आहे हे तू लिहिलंस, बरं केलंस. तो घेऊनच ये. इथं बसून भांडू. आठ वर्षांचं भांडण पत्रातून होण्यासारखं नाही आणि तुझ्याशी भांडायला दुसरं कुणी मला पुरतही नाही.

आई आता समोर येऊन बसली आहे. म्हणते, उरलेलं मी सांगते, तू नुसतं लिही. शिकवलेलं कधीतरी कामाला येऊ दे. ती सांगते तसं लिहिते:

"लिही, मी रागावलेली नाही. नाही, ते खोड. रागावले आहे असंच लिही, नाहीतर तिला वाटेल म्हातारी विसरायला लागली. लिही की फोटोला मी बसेन. झाकण घेणार नाही. पण या बाजूला तू आणि त्या बाजूला ही, अशा दोघी मला चिकटून उभ्या राहिलात तरच. दोन्हीकडे जिवंत माणसं असली की तो फोटो कुणाला वेदीवर ठेवता येत नाही. आणि कात्र्या मी सगळ्या दोमितिलाकडे नेऊन ठेवल्यात. लिहिलंस? काय लिहिलंस ते वाच."

मी वाचलं.

"फार लांब झालं," आई म्हणते. "एवढं ती वाचत बसेल तोवर बस निघून जाईल. ते सगळं राहू दे. नुसतं विचार, कुठल्या दिवशी."

कुठल्या दिवशी, लिंदा?

ओतिलिया